पहिली किल्ली

वाटलं होतं बाबा येतील स्टेशनवर — तेच तर मी सांगत होते तुम्हाला — अहो, हात नका लावू! धर्मेंद्रभाऊ, किल्लीला हात लावायचा नाही. राहू द्या तशीच. इंजिन चालू करायचं नाही, किल्ली मागं फिरवायची नाही, नुसतं बसायचं. तो लाल दिवा दिसतोय ना, कुलपाचं चित्र आहे तो? तो आपला आपण विझेल. दहा-बारा मिनिटं घेईल. मग किल्ली बंद करायची, परत फिरवायची, परत तेवढंच थांबायचं, असं तीनदा. डॅशबोर्डखालचा डबा नवा आहे, गाडीला ओळखत नाही अजून, किल्लीला ओळखत नाही. त्याला वाटतं चोर आलाय. घाई केली की तो दारच लावून घेतो. चहा घ्या, निवतोय. तुमच्या शेठना काय सांगायचं ते नंतर बघू — आधी दिवा विझू दे.

तर सुरत स्टेशन. चार वर्षं कोइम्बतूर, एक वर्ष मद्रास, त्यात घरी आले मी मोजून दोनदा. एकदा दादा गेला तेव्हा — परीक्षा होती, पाचव्या दिवशी परत गेले — आणि एकदा नंतर. आता कायमची येत होते. वाटेत दोन दिवस मी मनातल्या मनात भाषण पाठ केलं होतं. हसू नका. बाबा प्लॅटफॉर्मवर उभे असतील, पांढरा शर्ट घालून, आणि मी त्यांना तिथेच सांगेन — बाबा, मद्रासची नोकरी सोडली, आपलं गॅरेज आता नुसतं डायनामो आणि हॉर्नचं राहणार नाही, पुढच्या गाड्या सगळ्या इलेक्ट्रॉनिक येणार, आणि आपल्या पांडेसऱ्यातल्या मुली, साडीवर खडे चिकटवून डोळे घालवतात त्या मुली, त्यांना मी हे शिकवणार, दर रविवारी, फुकट. आमच्या घरात देव्हारा नाही धर्मेंद्रभाऊ, बाबासाहेबांचा फोटो आहे आणि पुस्तकांची मांडणी आहे. त्या घरातली मुलगी परत येऊन दुसरं काय बोलणार? — आणि प्लॅटफॉर्मवर कोण उभं? स्वप्नावहिनी. दादाची लुना घेऊन. 'ताई, बॅग पायाशी ठेवा, पुस्तकांची मी मांडीवर घेते — नाही, मी चालवणार ना, तुम्हीच घ्या मांडीवर.' आणि हसली. माझ्या भावाच्या लुनावर मागं बसून मी घरी आले, तिच्या पाठीकडे बघत. भाषण तिला काय सांगायचं? बाबा का नाही आले विचारलं, तर म्हणे एका ट्रकचं वायरिंग अडलंय. ट्रकचं वायरिंग! पाच वर्षांनी मुलगी येतेय.

काय? हो, आहे ना सख्खीच वहिनी. भूषणदादाची बायको. दादाला जाऊन अडीच वर्षं झाली — पलसाण्याच्या हायवेवर, तुम्हाला माहीत असेल, तुम्ही सगळे ड्रायव्हर लोक तिथलेच. आता मी काही तिला वाईट म्हणत नाहीये. वाईट म्हणावं असं ती काही करतच नाही, हीच तर — जाऊ दे. दादा होता तोवर बाबांना 'मामा' म्हणायची. आता 'बाबा' म्हणते. कधीपासून, कुणी सांगितलं, मला कुणी विचारलं का? बाबांचा चष्मा आता ती पुसते. बाबांची बीपीची गोळी तिच्या ओढणीच्या टोकाला बांधलेली असते, जेवण झालं की गाठ सोडते आणि हातावर ठेवते. आणि बाबा ती घेतात! पाच वर्षं मी पत्रांतून लिहितेय, बाबा गोळी घ्या, बाबा गोळी घ्या. दुपारी दोघं तिथे त्या बाकड्यावर बसून डायनामोच्या आर्मेचरला तार भरतात, एकमेकांशी शब्द न बोलता, आणि मध्येच दोघंही हसतात. कशाला हसले? 'काही नाही गं, जुनी गोष्ट आहे.' त्यांच्या जुन्या गोष्टी झाल्यात, मी नसलेल्या. काम? काम बरं करते. माझ्याइतकं नाही. उगाच नम्रपणा कशाला दाखवू, तो डबा वाचायला तिला जमलं नसतं आणि बाबांनाही नाही, ते दोघंही म्हणतात तसं. पण गिऱ्हाईक येतं ते 'स्वप्नाबेन छे?', आहे का ती, म्हणत येतं. मी समोर उभी असते, हातात मीटर घेऊन. 'स्वप्नाबेन छे?'

थांबा, दिवा — नाही, आहे अजून.

पण हे सगळं मी गिळलं असतं. चष्मा, गोळी, बेन, सगळं. एक गोष्ट मात्र गिळता आली नाही, ती पहिली किल्ली. आमच्या गॅरेजची ती रीतच आहे, तुम्ही काल बघितलीत. गाडीचं काम पुरं झालं की बाबा स्वतः चालू करत नाहीत. हाक मारून किल्ली दुसऱ्याच्या हातात देतात. लहानपणापासून ती माझी होती. शाळेतून आले की दप्तर पाठीवर तसंच, आणि बाबा ओरडायचे, 'जागू, ये, उठव हिला!' ट्रक असो, रिक्षा असो, मी सीटवर चढून किल्ली फिरवायची, आणि ती एवढी मोठी वस्तू माझ्या दोन बोटांनी जागी व्हायची. मी इंजिनिअर कशामुळे झाले म्हणता? लोकांना मी मोठी मोठी कारणं सांगते. खरं कारण ते. — आणि आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी बघते, तोच तो ट्रक पुरा झाला, मी ओढणी खोचून तयार, बाबा किल्ली वर धरून हाक मारतात — 'स्वप्ना, ये, उठव हिला!' तेच शब्द हो. शब्द तरी दुसरे वापरायचे.

मग तुम्ही आलात ही गाडी घेऊन. खरं सांगू, मला वाटलं, ही माझ्यासाठीच आली. डाव्या बाजूला स्टिअरिंग, भाईदास शेठच्या भावानं अमेरिकेहून आणलेली, सुरतमध्ये कुणी हात लावायला तयार नाही. काचा आपोआप खाली येतात, वायपर कोरड्या उन्हात चालू होतात, आतला दिवा विझत नाही म्हणून रोज सकाळी बॅटरी मेलेली. बाबांनी सगळे फ्यूज बघितले, वायरी बघितल्या, आणि मग माझ्याकडे बघितलं. पहिल्यांदा बघितलं. मी म्हटलं, बाबा, वायरीचा दोष नाही, या सगळ्यांचा एक कारभारी असतो डॅशबोर्डच्या खाली — बॉडी कंट्रोल मॉड्यूल, आपण डबा म्हणू — दिवे, काचा, कुलपं, वायपर, हॉर्न, चोराची शंका, सगळं त्याच्या हुकमानं चालतं. कारभारी बिघडलाय. घरातली माणसं चांगली आहेत. बाबा हसले. मी उघडला तो डबा, आणि आत काय? हिरवं. सगळी पट्टी हिरवी, तांब्यावर धरतं तसं. पाणी गेलेलं.

आता तोंड का वळवता? तापीच्या पुरातून शेठनी ही गाडी वाचवली, दोन दिवस आधी पलसाण्याला नेऊन उंचावर ठेवली, आणि दसऱ्याला तुम्ही आत पाइप सोडलात. ट्रकची केबिन धुतात तशी. पंधरा वर्षं ट्रक चालवला, दसऱ्याला केबिन पाइपनं धुवायची, हार घालायचा, तेच केलंत. तुम्ही काही मुद्दाम केलं नाही, माहीत आहे मला. ट्रकच्या केबिनमध्ये बिघडायला असतं काय! शेठनी माझ्यासमोर विचारलं, 'बेन, आ केवी रीते बगड्युं?' — कसं बिघडलं हे? तुम्ही मागं उभे होतात, टोपी हातात घेऊन. तुमचा चेहरा मी बघितला. मी म्हटलं, शेठ, सुरतची दमट हवा, परदेशी माल, होतं असं. म्हटलं ना? तुमची नोकरी वाचली. पाया पडायला निघाला होतात, मीच नको म्हटलं.

आणि काल तुम्ही काय म्हणालात?

चहाच्या गाडीपाशी, त्या चहावाल्या दत्तूला. मी ऐकलं. मला ऐकू जावं म्हणून बोलला नसाल, पण मी ऐकलं. तो पहिला शब्द मी उच्चारणार नाही, तुम्ही विधवेला जो शब्द वापरलात तो. पुढचं मात्र सांगते — 'तिना हात लागना, आते गाडी कशी चालू व्हई?' आणि दत्तू हसला. आणि स्वप्नावहिनी तिथून चार पावलांवर उभी होती, हातात ती किल्ली घेऊन. तुम्ही खानदेशातले, तीही तिकडचीच, धरणगावची. अहिराणी तिला माझ्यापेक्षा चांगली कळते.

नाही, आता 'चुकलं ताई' म्हणू नका. आधी ऐका.

दिवा विझला. थांबा — मी करते. किल्ली बंद. आता परत. हां, लागला परत. दुसरी फेरी. बसा. उठून जायचं असेल तर जा, पण मग गाडी कोण नेणार?

काल काय झालं ते तुम्ही बघितलं, पण तुम्हाला कळलं नाही. कुणालाच कळलं नाही. शेठचा भाऊ नवा डबा घेऊन आला अमेरिकेहून, एकच, कपड्यांत गुंडाळून. दोन दिवस मी या गाडीत उलटी पडून होते, पाय सीटवर, डोकं पेडलपाशी, मान अजून वळत नाही. जुना काढला, हिरवी झालेली टोकं एकेक साफ केली, नवा बसवला, सगळ्या वायरी पट्टीनं बांधल्या. बाहेर आले तर शेठ आलेले, भाऊ आलेला, त्यांच्या ट्रकच्या यार्डातले तुम्ही सगळे ड्रायव्हर आलेले बघायला, दत्तू, गल्लीतली माणसं. किल्ली माझ्या हातात होती. माझ्या हातात, घामानं ओली. मला वाटलं, आज तरी. आज तरी बाबा म्हणतील, जागू, उठव हिला. आणि शेठ बाबांना म्हणाले, 'नागनाथभाई, स्वप्नाबेनना हाथे ज चालू करावजो, एमनो हाथ सारो छे.' तिचा हात चांगला म्हणे. बाबांनी माझ्याकडे हात केला. मला वाटलं शाबासकी द्यायला. किल्ली मागायला केला होता. मी दिली. त्यांनी ती तिला दिली.

मग मी म्हटलं, वहिनी, थांब, नुसती फिरवून ठेव, लाल दिवा विझेपर्यंत चालू करू नको. — म्हटलं म्हणजे, गर्दी होती, आवाज होता, कुणाला ऐकू गेलं नसेल. हळू म्हटलं असेन. मी काय सगळ्यांवर ओरडायचं? एवढी माणसं, शेठ बोलतायत, नारळ कुणी आणलाय, बाबा म्हणतायत नारळ नको... नाही, तुम्ही माझ्या शेजारीच उभे होतात, तुम्ही नाही ऐकलं. बरोबर आहे. तुम्ही नाही ऐकलं, कारण —

तोंडात होतं हो वाक्य. सगळं तयार होतं. मद्रासला वर्षभर मी हेच केलंय, झोपेतही सांगेन, नवा डबा बसवला की आधी ओळख, मग इंजिन. तिनं ओढणी खोचली, सीटवर चढली, माझ्याकडे बघून हसली — 'फिरवू ना, ताई?' मला विचारलं तिनं. मलाच. आणि मी मान हलवली. हो म्हणून.

इंजिन लागलं आणि खोकून बंद पडलं. परत लावलं, परत बंद. मग लाल दिवा उघडझाप करायला लागला. शेठ म्हणाले, 'शुं थयुं?' ती परत फिरवते, परत फिरवते, बॅटरी बसत चालली, आवाज जड जड होत गेला. आणि मी उभी होते. मला काय वाटत होतं सांगू? आनंद. लाज वाटायला पाहिजे होती, भीती वाटायला पाहिजे होती, पण नाही, ओठ आत दाबून धरले होते मी, हसू दिसू नये म्हणून. मनात म्हणत होते, उठव ना. उठव आता. बघू तुझा हात. एवढंच बघायचं होतं मला की तिच्या हातानं एक गाडी उठत नाही, आणि मग मी पुढे होऊन, शांतपणे, 'सरक वहिनी', आणि मग मी सांगणार होते सगळ्यांना डब्याची गोष्ट, आणि सगळे म्हणणार होते, वा. पाच मिनिटांचा खेळ होता माझा. पाचच मिनिटांचा! त्या पाच मिनिटांत ती किल्ली काढून खाली उतरली, आणि तुम्ही चहाच्या गाडीपाशी जाऊन ते बोललात. आणि तिनं ऐकलं. आणि किल्ली बॉनेटवर ठेवली, हळूच, आवाज न करता, आणि म्हणाली, 'बाबा, माझा हात नको आता.' आणि घरी गेली. गर्दीनं वाट दिली तिला. दोन्ही बाजूंनी जरा जास्तच सरकले सगळे. बघितलंत ना तुम्ही? तुम्हीही सरकलात.

तिथे तरी मी बोलायला हवं होतं. बोलले असते तर तिथेच संपलं असतं. पण मग सगळ्यांनी विचारलं असतं, आधी का नाही बोललीस?

संध्याकाळी बाबा घरी आले. मला वाटलं ते चिडणार. बाहेरच्या पायरीवर बसले माझ्याजवळ आणि विचारलं, 'जागू, मद्रासला हे असंच असतं का? नवा डबा लगेच चालू होत नाही?' मी म्हटलं, नाही बाबा, आधी थोडा वेळ द्यावा लागतो. 'मग तू सांगितलं नाहीस?' मी म्हटलं, विसरले. विसरले! आणि त्यांनी विश्वास ठेवला. माझ्या कपाळाला हात लावून बघितला, म्हणाले, 'होतं पोरी, दोन दिवस उलटी पडून होतीस, डोकं जागेवर राहतं का?' आत गेले, बाम आणला, आणि माझ्या मानेला चोळला. धर्मेंद्रभाऊ, आल्यापासून त्यांनी मला हात लावला नव्हता. यासाठीच तर जळत होते ना मी? आला तो हात. खोटं बोलून आला. आणि मी मान पुढे करून बसून राहिले, राहू द्या म्हणाले नाही.

आई भाकरी थापत होती. आईला सगळं पाठीनं दिसतं. म्हणाली, 'पहिली किल्ली तिच्याकडे कशी आली, तुला माहीत आहे?' मी म्हटलं मला कुणी सांगितलं नाही. आई म्हणाली, 'तू विचारलंस?' मग सांगितलं तिनं, भाकरी न थांबवता. दादा गेल्यावर दोन महिन्यांनी उखाभाऊनं नवा टेम्पो घेतला. आपल्या गल्लीतलाच उखाभाऊ, दादाचा मित्र. वायरिंग बाबांनी केलं. पेढे, हार, सगळे जमलेले, आणि वहिनी पाण्याचे ग्लास घेऊन दारात आली. उखाभाऊ म्हणाला, 'काका, चांगलं काम आहे, वहिनीला जरा आत जाऊ द्या.' वाईट नाही बोलला, अगदी मऊ बोलला. ती वळली. बाबा म्हणाले, 'स्वप्ना, थांब.' उखाच्या हातातून किल्ली घेतली आणि तिच्या हातात दिली. 'माझ्या गॅरेजात पहिली किल्ली माझी सून फिरवणार. नको असेल तर आत्ता सगळं वायरिंग उपटून देतो, पैसे देऊ नको.' आई म्हणते, तिला किल्ली भोकात घालता येईना. बाबांनी मनगट धरलं नाही, नुसते शेजारी उभे राहिले, कितीही वेळ लागो म्हणून. मग महिनाभर कुणी गाडी आणली नाही. गल्लीतले आणत नव्हते, यार्डातले आणत नव्हते. बाबा रोज शटर उघडून बसायचे आणि ती त्यांच्या शेजारी. तेव्हाच त्यांचं ते गप्प बसून हसणं सुरू झालं असणार. — आणि मी तिकडे वसतिगृहात भाषणं करत होते. स्त्री आणि तंत्रज्ञान. बक्षीस मिळालं मला.

मग हळूहळू गाड्या आल्या, तिच्या हातानं उठल्या, चांगल्या चालल्या, आणि तुमच्यासारखेच लोक म्हणायला लागले, हिचा हात चांगला, हिच्याच हातानं करा. ज्या हाताला आत पाठवत होते तोच आता पाहिजे. आणि काल मी पाच मिनिटं मान हलवून बसले, आणि परत —

विझला. बंद. फिरवा आता तुम्ही. हो, तुम्हीच, नुसती पहिल्या खटक्यापर्यंत. लागला दिवा? आता शेवटची फेरी.

सकाळी वहिनी उठली, अंघोळ केली, आणि खड्यांचं पुडकं आणि साडी घेऊन दारात बसली. शेजारच्या मंगलाबाईंकडून काम मागून आणलं होतं, रात्रीच कधीतरी. मी म्हटलं, गॅरेजला नाही यायचं? गोंद लावता लावता म्हणाली, 'ताई, आता तुम्ही आलात. तुम्ही शिकलेल्या. बाबांना आता माझी गरज नाही, मी आपलं घरचं बघते.' टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं, मी उलट उत्तर दिलं असतं. आणि तिनं ओढणीची गाठ सोडली, गोळीची पट्टी काढली आणि माझ्या हातात दिली. सगळं मिळालं मला, धर्मेंद्रभाऊ. गॅरेज मिळालं, बाबा मिळाले, गोळीसुद्धा मिळाली. ही बघा पिशवीत आहे. पाच वर्षं ज्या मुलींना खड्यांतून बाहेर काढायचं म्हणून मी लोकांसमोर बोलत होते, त्यांतली एक आपण होऊन बाहेर आलेली होती. तिला मी परत साडीवर बसवलं. एका मान हलवण्यात.

बाबा? बाबा सकाळी शटर उघडता उघडता म्हणाले, आजपासून पहिली किल्ली बंद. ज्याची गाडी त्यानं चालू करावी. मी विचारलं का, तर म्हणाले, 'चूक माझी आहे. लोक तिचा हात चांगला म्हणायला लागले तेव्हाच मी थांबवायला हवं होतं. मला बरं वाटलं, मी चालू दिलं. चांगला हात मानला की वाईट हात मानायला लोक मोकळे.' चूक माझी आहे, म्हणाले. माझे बाबा. माझ्यासमोर. आणि मी मीटर पुसत उभी होते.

तर आता ऐका, मी ठरवलंय. आत्ता, इथे बसून ठरवलंय, तुम्ही आलात तेव्हा ठरलं नव्हतं. तुमची वाट बघत होते ती तुम्हाला झाडायला — तो शब्द तुम्ही परत घ्यावा, यार्डात जाऊन सांगावं, अशी तयारी केली होती. पण तुम्ही काय सांगणार? तुम्ही सांगाल डबा खराब होता, कोण ऐकेल? उरेल तेच, तिचा हात लागला आणि गाडी बंद पडली. पलसाण्यापासून भेस्तानपर्यंत प्रत्येक चहाच्या गाडीवर उरेल. ते पुसायचं तर एकच गोष्ट त्याच्याहून मोठी आहे — की तिच्या नणंदेला माहीत होतं आणि ती जळून गप्प बसली. ही गोष्ट लोक आवडीनं सांगतील. सांगू देत.

घाबरू नका. पाइपचं मी सांगणार नाही. ते तुमचं आहे, तुम्हाला वाटेल तेव्हा सांगा, नाही वाटलं तर नका सांगू. मी माझं सांगायला येतेय. शेठसमोर, भावासमोर, जेवढे काल होते तेवढ्यांसमोर. आणि त्याच्या आधी घरी. तिच्यासमोर, बाबांना बोलावून. तुम्हीही दारात उभं राहायचं आणि ऐकायचं, कारण तुम्ही ते बोललात तेव्हा तीही ऐकत उभी होती. ती येईल का परत? मला नाही माहीत. कदाचित माझ्याशी आयुष्यभर बोलणार नाही. कदाचित बाबाही. मद्रासची नोकरी अजून भरलेली नसेल, तेही डोक्यात येऊन गेलं. पण मी पळणार नाही. गॅरेज तिचं आहे, मला त्यात काम मिळालं तर मी करेन.

आणि तरी सांगते, हेवा गेलेला नाही. जाईल असं वाटलं होतं, बोलल्यावर. नाही गेला. आत्तासुद्धा मनात येतंय की मी हे सांगेन तेव्हा बाबा आधी माझ्याकडे बघतील की तिच्याकडे? तिच्याकडेच बघतील. बघायलाच पाहिजे. आणि मला दुखेल. दुखू दे.

विझला. बघा, विझला तो. पूर्ण. आता करा चालू. नाही, मी नाही, बाबांनी सांगितलं ना, ज्याची गाडी त्यानं. नारळ नको, नमस्कार नको, फिरवा सरळ —

लागली.

सरका जरा, पिशवी घेऊ द्या. आधी आमच्या गल्लीत घ्या, डावीकडे, त्या डाइंग मिलच्या भिंतीजवळून. आणि आता मला काही विचारू नका. सगळं तुमच्यापाशीच बोलून टाकलं तर तिथे तोंडात काय उरेल? चला.